पंढरपूरचे ‘पंत’ : सुधाकरपंत परिचारक यांचे सार्वजनिक जीवन

पंढरपूर (प्रतिनिधी) : पंढरपूर विधानसभा मतदारसंघातून सलग पाच वेळा निवडून आलेले माजी आमदार, राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे माजी अध्यक्ष आणि श्रीपूर येथील पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे सूत्रधार सुधाकर रामचंद्र परिचारक यांचे १७ ऑगस्ट २०२० रोजी रात्री पुण्यात निधन झाले. करोनाच्या संसर्गामुळे त्यांच्यावर तेथील खासगी रुग्णालयात उपचार सुरू होते. वयाची ऐंशी वर्षे त्यांनी केव्हाच ओलांडली होती. कार्यकर्ते त्यांना ‘पंत’ म्हणत, तर जवळचे लोक ‘मोठे मालक’. मंत्रिपद त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. असे असूनही १९८५ ते २००९ या सुमारे पाव शतकात तालुक्याचे राजकारण ‘परिचारक गट’ आणि ‘परिचारक विरोधी गट’ या दोनच नावांनी ओळखले गेले. असे का घडले, याचे उत्तर विधिमंडळाच्या कामकाजापेक्षा सहकारी संस्था, साखरेचा हंगाम आणि एसटीचे आगार यांच्यात अधिक सापडते.

खर्डीहून विधानसभेपर्यंत

परिचारक यांचे गाव पंढरपूर तालुक्यातील खर्डी. सीताराम महाराजांच्या समाधीमुळे हे गाव वारकऱ्यांना परिचित आहे. ‘परिचारक’ या शब्दालाही पंढरपुरात स्वतंत्र अर्थ आहे. विठ्ठल मंदिरातील परंपरागत सेवेकऱ्यांत पुजारी, बेणारी, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे यांच्याबरोबर परिचारकांचाही समावेश होत असे आणि प्रत्येकाची सेवा ठरलेली असे. लोकप्रतिनिधीच्या आडनावात सेवेचा असा निर्देश असणे हा योगायोग खरा. पण भाषणांतून त्याचा उल्लेख करण्याची संधी वक्ते सहसा सोडत नसत.

सुधाकरपंत अविवाहित राहिले. गाव, गट आणि संस्था हेच त्यांचे घर झाले. सकाळपासून लोकांना भेटणे, अर्ज ऐकून घेणे आणि संबंधित अधिकाऱ्याशी तेथल्या तेथे बोलणे ही ग्रामीण आमदाराची ठरलेली दिनचर्या. ज्याच्यामागे संसाराचा व्याप नाही, त्याच्याकडे अशा कामाला वेळ अधिक असतो आणि लोकांच्या अपेक्षाही त्याच प्रमाणात वाढतात.

१९८५ च्या विधानसभा निवडणुकीत ते प्रथम निवडून आले. त्यानंतर १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ अशा सलग निवडणुका त्यांनी जिंकल्या. काँग्रेसच्या प्रवाहात वाढलेले परिचारक १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाल्यावर शरद पवार यांच्यासोबत गेले. सोलापूर जिल्ह्यातील सहकारी कारखानदारीचा मोठा भाग तेव्हा त्याच दिशेने गेला होता.

त्यांच्या पहिल्या विजयाचे वर्ष पंढरपूरसाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचे होते. पंढरपूर मंदिरे कायदा १९७३ मध्ये झाला. परंतु न्यायालयीन वादांमुळे त्याची अंमलबजावणी लांबली. १९८५ मध्ये मंदिराची व्यवस्था शासननियुक्त समितीकडे आली. बडवे आणि उत्पात यांच्या परंपरागत हक्कांचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०१४ मध्ये त्यावर अखेरचा पडदा पडला. म्हणजेच परिचारकांच्या संपूर्ण आमदारकीच्या काळात नगरीच्या केंद्रस्थानी असलेल्या संस्थेचे स्वरूप न्यायप्रविष्ट होते. अशा गावात सर्व घटकांशी बोलणे चालू ठेवणे हे लोकप्रतिनिधीचे नित्याचे काम होऊन बसते.

दोन पंढरपुरे

बाहेरच्या वाचकाला पंढरपूर म्हणजे चंद्रभागेचे वाळवंट, नामदेव पायरी आणि आषाढीची गर्दी. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ९९ हजार होती. आषाढीला याच शहरात तिच्या अनेक पटींनी भाविक येतात. आषाढी, कार्तिकी, माघी व चैत्री या चार वाऱ्यांसाठी पाणी, निवारा, शौचालये, रस्ते आणि वाहतूक यांची सोय करताना नगरपालिकेची दमछाक होते. वारीच्या काळातील स्वच्छतेचा आणि हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेचा प्रश्न तर मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर नदीपलीकडच्या ६५ एकर जागेवर वारकऱ्यांच्या निवासाची सोय उभी राहिली.

दुसरे पंढरपूर आहे ते शेतकऱ्यांचे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि कालव्यांच्या पाण्याने तालुक्याची पीकपद्धती पालटली. ज्वारीच्या शिवारात ऊस उभा राहिला. उसाबरोबर कारखाना, कारखान्याबरोबर पतपुरवठा, पाठोपाठ वाहतूक आणि मग निवडणूक असा क्रम लागला. ११७ टीएमसी साठवण क्षमतेच्या या धरणातील पाणी कोणाला किती मिळावे, हा वाद तेव्हापासून जिल्ह्याच्या राजकारणाचा कायमचा विषय झाला. परिचारक १९८५ मध्ये निवडून आले, तेव्हा हे दुसरे पंढरपूर नुकते आकार घेत होते आणि त्यांचे नेतृत्व त्याच्याबरोबर वाढत गेले.

श्रीपूरचा कारखाना

श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातील गाव साखर उद्योगाच्या इतिहासात जुने आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा खासगी कारखाना येथेच होता. याच श्रीपुरात पुढे सहकारी तत्त्वावर पांडुरंग कारखाना चालू लागला आणि त्याची सूत्रे परिचारकांच्या हाती राहिली.

सहकारी कारखान्याचा कारभार बाहेरून दिसतो तितका सोपा नसतो. शेतकरी भाग घेऊन सभासद होतो, सभासद संचालक मंडळ निवडतात आणि संचालक अध्यक्ष निवडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते आणि चार-पाच महिने गाळप चालते. त्यासाठी उन्हाळ्यातच ऊसतोड टोळ्यांना उचल द्यावी लागते, वाहनांचे करार करावे लागतात आणि बँकेकडून पूर्वहंगामी कर्ज उचलावे लागते. साखरेचा भाव घसरला, पाऊस हुकला किंवा उतारा कमी बसला, तर हे सारे गणित कोलमडते. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत त्याची रक्कम देणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात किती कारखान्यांना हे जमते, हे प्रत्येक हंगामातील थकबाकीच्या बातम्यांवरून कळते.

या कसोटीवर पांडुरंग कारखान्याचे नाव चांगले राहिले. काटकसरीचा कारभार आणि वेळेवर मिळणारे उसाचे बिल ही या कारखान्याची ओळख होती. सभासदाला आपल्या अध्यक्षाचा पक्ष कोणता यापेक्षा काटा खरा आहे का आणि पैसे केव्हा मिळणार, हे महत्त्वाचे असते. परिचारकांनी पक्ष बदलला तरी गट फारसा फुटला नाही, याचे एक कारण येथे आहे. मोहोळ तालुक्यातील टाकळी सिकंदर येथील भीमा सहकारी साखर कारखान्याच्या कारभारातही काही वर्षे त्यांच्या गटाचे वर्चस्व होते. पुढे तेथे धनंजय महाडिक यांची सत्ता आली. शिक्षणाच्या क्षेत्रात शेळवे येथील ‘कर्मयोगी’ अभियांत्रिकी महाविद्यालय हे परिचारक गटाचे काम. ‘कर्मयोगी’ हे विशेषण कार्यकर्ते परिचारकांच्या नावामागेही लावत असत.

याच व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. कारखाना, बँक आणि आमदारकी एकाच गटाकडे असली की विरोधात उभे राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात उसाच्या नोंदीपासून कर्जापर्यंतची धास्ती असते. सहकारातील सत्ताकेंद्रांवर राज्यभर हा आक्षेप घेतला गेला आणि पंढरपूर त्याला अपवाद नव्हते. परिचारकांविरुद्धचा असंतोषही दुसऱ्या एका कारखान्याच्या आधाराने संघटित झाला. गुरसाळे येथील विठ्ठल सहकारी साखर कारखाना हे ते केंद्र होय. औदुंबरअण्णा पाटील यांच्या नावाशी जोडलेल्या या कारखान्याची सूत्रे नंतर सरकोलीचे भारत भालके यांच्याकडे आली. पंढरपूरच्या राजकारणाचे वर्णन ‘पांडुरंग विरुद्ध विठ्ठल’ असे गमतीने केले जाई, ते या दोन कारखान्यांमुळे.

एसटीची जबाबदारी

काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारच्या काळात परिचारकांकडे एसटी महामंडळाचे अध्यक्षपद आले. मंत्रिपदाच्या तुलनेत महामंडळाचे अध्यक्षपद दुय्यम मानले जाते. मात्र एसटीची गोष्ट निराळी आहे. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्राचे शिक्षण, बाजार आणि दवाखाना या तिन्ही गोष्टी तिच्या वेळापत्रकावर चालत आल्या आहेत. सुमारे लाखभर कर्मचारी, अडीचशे आगारे आणि तोट्यातल्या फेऱ्या चालवण्याचे सामाजिक बंधन असे हे अवघड आसन होते. डिझेलचे दर, प्रवासी कर, विद्यार्थी व ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतींची शासनाकडून येणे असलेली रक्कम आणि खासगी वडाप वाहतूक हे प्रश्न त्या काळात प्रत्येक अध्यक्षासमोर होते.

पंढरपूरच्या आमदाराला एसटीचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नव्हती. आषाढीसाठी राज्याच्या प्रत्येक विभागातून हजारो जादा गाड्या येतात आणि शहराभोवती तात्पुरती बसस्थानके उभी राहतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश या दूरच्या भागांतील वारकरी पायी आला, तरी द्वादशीला परतताना बहुधा एसटीनेच जातो. यात्रेचे दिवस हा महामंडळाच्या उत्पन्नाचा हंगाम असतो आणि व्यवस्थेची परीक्षाही. ज्या गावात ही परीक्षा दरवर्षी घेतली जाते, तेथील प्रतिनिधीकडे महामंडळाची धुरा जाणे म्हणूनच औचित्याचे ठरले.

२००९ : सोडलेली जागा

त्यांच्या राजकीय जीवनातील निर्णायक वळण २००९ मध्ये आले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेने सोलापूर जिल्ह्याचा नकाशा बदलला. माळशिरस मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्याने अकलूजचे विजयसिंह मोहिते-पाटील यांना घरचा मतदारसंघ उरला नाही. तोपर्यंत राखीव असलेला मंगळवेढा मतदारसंघ संपुष्टात येऊन तो तालुका पंढरपूरला जोडला गेला. पंढरपूर तालुक्यातील अनेक गावे मात्र माढा, मोहोळ व सांगोला या मतदारसंघांत विभागली गेली. परिचारकांनी पंचवीस वर्षे बांधलेली वीण अशा रीतीने उसवली.

राष्ट्रवादी काँग्रेसने पंढरपूरची उमेदवारी माजी उपमुख्यमंत्री मोहिते-पाटील यांना दिली. विद्यमान आमदार असलेल्या परिचारकांनी जागा सोडली आणि प्रचारही केला. निकाल मात्र अनपेक्षित लागला. २००४ मध्ये परिचारकांकडून पराभूत झालेले भारत भालके यांनी या वेळी मोहिते-पाटील यांच्यासारख्या मातब्बर नेत्याचा मोठ्या मताधिक्याने पराभव केला. मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातील पस्तीस गावांचा पाणीप्रश्न त्या वर्षी ऐरणीवर होता. याच गावांनी त्याआधीच्या लोकसभा निवडणुकीवर बहिष्काराचे हत्यार उपसले होते. उजनी पूर्ण होऊन तीन दशके लोटली तरी या गावांच्या शिवारात पाणी नव्हते आणि त्यांचा राग प्रस्थापितांवर निघाला.

पक्षासाठी जागा सोडण्याचा हा निर्णय परिचारकांना महागात पडला, असे त्यांचे कार्यकर्ते नंतरही बोलून दाखवत. पक्षशिस्त म्हणून त्याची प्रशंसा झाली. परंतु गेलेली जागा परत मिळाली नाही. २०१४ मध्ये त्यांचे पुतणे प्रशांत परिचारक यांनी निवडणूक लढवली, तेव्हा काँग्रेसच्या तिकिटावर भालके पुन्हा विजयी झाले. प्रशांत परिचारक २०१६ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले. दरम्यान हा गट राष्ट्रवादीपासून दुरावून भारतीय जनता पक्षाच्या जवळ आला होता.

शेवटची लढत

ऑक्टोबर २०१९ मधील निवडणुकीत सुधाकरपंत स्वतः भाजपच्या चिन्हावर मैदानात उतरले. वयाच्या या टप्प्यावर उमेदवारी का, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला गेला. गटाला एकत्र ठेवू शकेल असे दुसरे नाव नव्हते, हे त्याचे व्यवहारी उत्तर होते. राष्ट्रवादीकडून उभे राहिलेल्या भालके यांनी त्यांचा तेरा हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. समाधान आवताडे यांच्या अपक्ष उमेदवारीने लढत तिरंगी झाली होती. भालके यांचा हा सलग तिसरा विजय होता आणि तिन्ही वेळा पक्ष वेगळा होता.

या पराभवाचे मोजमाप करताना एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. परिचारकांनी २००४ मध्ये जिंकलेला आणि २०१९ मध्ये गमावलेला मतदारसंघ एक नव्हता. मंगळवेढ्याचे प्रतिनिधित्व त्यांनी कधी केले नव्हते. ज्या गावांत त्यांचा कारखाना, त्यांची माणसे आणि त्यांचा शब्द चालत होता, त्यांतील बरीच गावे आता त्यांना मत देऊ शकत नव्हती. तरीही भालके यांचे यश केवळ सीमारेषांचे नव्हते. पैलवानी बाण्याचा, रांगड्या बोलीचा आणि कोणत्याही वेळी लोकांच्या हाकेला धावणारा नेता ही त्यांची प्रतिमा नव्या मतदाराला भावली होती. संस्थेच्या बळावर उभ्या राहिलेल्या पिढीला थेट जनसंपर्काच्या राजकारणाने दिलेले हे आव्हान होते.

२०२० : गर्दीविना निरोप

त्यानंतरचे वर्ष पंढरपूरसाठी कसोटीचे ठरले. १ जुलै २०२० च्या आषाढीला संचारबंदी होती. पायी वारी झाली नाही. आळंदी, देहू आणि अन्य ठिकाणांहून मानाच्या पालख्यांच्या पादुका निवडक वारकऱ्यांसह एसटीच्या फुलांनी सजवलेल्या गाड्यांतून पंढरीत आल्या. ज्या महामंडळाचे परिचारक अध्यक्ष होते, त्याच महामंडळाने वारीची परंपरा त्या वर्षी खंडित होऊ दिली नाही. त्यानंतर सात आठवड्यांनी परिचारकांचे निधन झाले. लाखोंच्या गर्दीची सवय असलेल्या गावाला आपल्या पाच वेळच्या आमदाराला गर्दी करून निरोप देता आला नाही. श्रद्धांजली बहुतांशी घराघरांतून आणि मोबाईलवरच वाहिली गेली.

नोव्हेंबरमध्ये दुसरा आघात झाला. करोनातून बरे झाल्यानंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे विद्यमान आमदार भारत भालके यांचे २८ नोव्हेंबर रोजी पुण्यात निधन झाले. त्यांचे वय साठीच्या घरात होते. तेरा महिन्यांपूर्वी एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोन्ही उमेदवार एकाच साथीने हिरावून नेले. दिवंगत सदस्यांना अधिवेशनाच्या प्रारंभी शोकप्रस्तावाद्वारे आदरांजली वाहण्याची विधिमंडळाची परंपरा आहे. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन ७ व ८ सप्टेंबर आणि हिवाळी अधिवेशन १४ व १५ डिसेंबर असे दोन-दोन दिवसांचेच झाले. आदरांजलीलाही वेळ अपुराच होता.

रिक्त जागेसाठी १७ एप्रिल २०२१ रोजी पोटनिवडणूक झाली. परिचारक गटाच्या पाठिंब्यावर भाजपचे समाधान आवताडे यांनी भालके यांचे पुत्र भगीरथ यांचा ३ हजार ७३३ मतांनी पराभव केला. २०२४ च्या निवडणुकीतही आवताडे विजयी झाले. परिचारक हयात नसतानाही त्यांचा गट निकालावर परिणाम करू शकतो, हे २०२१ मध्ये दिसले.

काय उरले

पांडुरंग कारखान्याला आता ‘कर्मयोगी सुधाकरपंत परिचारक’ यांचे नाव आहे. नाव देणे ही स्मरणाची सोपी रीत आहे. कारखाना चालू ठेवणे ही अवघड. शेजारच्या विठ्ठल कारखान्यावर याच काळात आर्थिक अडचणीमुळे गाळप बंद ठेवण्याची वेळ आली आणि जुलै २०२२ मध्ये अभिजित पाटील यांच्या पॅनेलने तेथे सत्ता मिळवली. एखादी सहकारी संस्था किती झपाट्याने कोसळते आणि तिच्याबरोबर हजारो शेतकऱ्यांची देणी कशी अडकतात, हे तालुक्याने डोळ्यांनी पाहिले. या पार्श्वभूमीवर परिचारकांनी सांभाळलेल्या शिस्तीची किंमत अधिक ठळक होते.

त्यांच्या काळात सुटलेले प्रश्न आहेत, तसे न सुटलेलेही आहेत. चंद्रभागेचे प्रदूषण, वारीच्या सोयींवरील ताण आणि शहराच्या विकासात विस्थापनाची भीती बाळगणारे जुने रहिवासी हे विषय त्यांच्यानंतरच्या प्रतिनिधींसमोरही कायम राहिले. पंचवीस वर्षांच्या आमदारकीत यांवर याहून अधिक काही व्हायला हवे होते, असे म्हणणारे पंढरपुरात आहेत आणि त्यांचे म्हणणे नोंदवल्याशिवाय परिचारकांचे चरित्र पुरे होणार नाही. मात्र त्यांचे विरोधकही एक गोष्ट मान्य करत. पंतांकडे गेलेल्या माणसाला ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे स्पष्ट उत्तर मिळे. तालुक्याच्या राजकारणात या दोन शब्दांवर त्यांनी पाच निवडणुका जिंकल्या.

दृष्टिक्षेपात

नाव : सुधाकर रामचंद्र परिचारक
गाव : खर्डी, तालुका पंढरपूर, जिल्हा सोलापूर
विधानसभा सदस्य : १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४ (पंढरपूर)
अन्य पदे : अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
सहकार : पांडुरंग सहकारी साखर कारखाना, श्रीपूर
अखेरची निवडणूक : २०१९, पंढरपूर-मंगळवेढा (पराभूत)
निधन : १७ ऑगस्ट २०२०, पुणे